आबा ‘घेऊन’ आले नव्हते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझे वडील, म्हणजे आमचे आबा, सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी होते. १९९८ साली मोटारसायकलवरून पडून डोक्याला मार लागला आणि फिट येऊ लागल्या. फेनिटॉईनच्या १०० मिलिग्रॅमच्या तीन गोळ्या रोज रात्री सुरू झाल्या आणि फिट थांबल्या. आबांची नोकरी त्या गोळ्यांनीच टिकवली, आमची शिक्षणंही त्यावरच झाली. त्यामुळे गोळ्यांवर माझा राग नाही, हे आधीच सांगतो.

तीन वर्षांपूर्वी घरच्या लग्नाच्या गडबडीत दोन दिवस गोळ्या चुकल्या आणि फिट आली. डॉक्टरांनी एक गोळी वाढवली. गोळ्या चुकल्याचं आम्ही सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. पुढं दर महिन्याला मी तीच चिठ्ठी घेऊन मेडिकलात जायचो. चिठ्ठी घडीवर फाटली तेव्हा मेडिकलवाल्यानं चिकटपट्टी लावून दिली. वरची तारीख त्यानं वाचली नाही. मी तरी कुठं वाचली?

मग आबांची चाल बदलली. पाय फाकवून, झुलत चालायचे. जीभ जड झाली. पारावरून येताना पोरं म्हणायची, ‘दिवाणजी आज घेऊन आलेत.’ गळ्यात तुळशीची माळ असलेला माणूस! लाज वाटते, पण लिहितो: एका रात्री ते झोपल्यावर मी त्यांच्या तोंडाचा वास घेऊन पाहिला होता. सही जुळत नाही म्हणून बँकेतून चेक परत आला, तेव्हाही आम्ही म्हटलं, वय झालं. दिवाळीआधी रंग द्यायला आलेल्या माणसानं सोप्यापासून न्हाणीपर्यंत भिंतीवर उमटलेला काळपट पट्टा दाखवला. कमरेच्या जरा वर, एका रेषेत. आबा भिंतीला हात लावून चालत होते आणि घरात कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

मिरजेला मेंदूविकारतज्ज्ञांनी डोळ्यांसमोर पेन धरून बाजूला नेलं, तर आबांची बुबुळं कडेला जाऊन थरथरायला लागली. हिरड्याही वाढून दातांवर चढलेल्या. रक्तातली औषधाची पातळी साधारण १० ते २० असावी लागते, आबांची ३४ निघाली. तीनाच्या चार गोळ्या केल्या तर औषध तिसऱ्या हिश्शानं वाढेल, असा हिशेब कुणीही करील. फेनिटॉईनचा हिशेब तसा नाही. लिव्हर ठरावीक मर्यादेपर्यंतच ते निकालात काढतं. यार्डात आवक वाढली आणि उठाव तेवढाच राहिला की पोत्यांची थप्पी लागते, तसं ते रक्तात साचतं. एका गोळीनं पातळी दुपटीवर जाऊ शकते. तोल सांभाळणारा लहान मेंदू एमआरआयमध्ये आक्रसलेला दिसला.

डोस हळूहळू कमी केला. महिन्याभरात बोलणं सुटं झालं, बुबुळंही थांबली. चाल मात्र पुरती सुधारली नाही, काठी लागतेच. ते नुकसान आता भरून येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

१७ नोव्हेंबरला राष्ट्रीय अपस्मार दिन असतो. फिट आलेल्याला कांदा-चप्पल हुंगवू नका, हे सांगायलाच हवं. पण फिट थांबल्यावर वर्षानुवर्षं गोळ्या खाणाऱ्यांचं काय? गोळी दुसरी असेल तर त्रासही वेगळा: व्हॅल्प्रोएटनं हात थरथरतात, कार्बामाझेपिननं चक्कर येते, एकाचे दोन दिसतात, फिनोबार्बिटॉननं माणूस सुस्तावतो. आशाताई बीपी-शुगरसाठी गावात घरोघरी येतातच. फिटच्या गोळ्या किती वर्षं चालू आहेत, चालताना तोल जातो का, एवढं त्यांनी विचारावं. मेडिकलवाल्यांनी वर्षापेक्षा जुनी चिठ्ठी दिसली तर एकदा डॉक्टरांकडे जाऊन या म्हणावं. याला काही खर्च नाही.

मात्र हे वाचून कुणीही गोळ्या परस्पर बंद करू नयेत. एकदम थांबवल्या तर लागोपाठ फिट येऊन जिवावर बेततं. चिठ्ठी आणि गोळ्यांचं पाकीट घेऊन डॉक्टरांकडे जावं, आणि चुकलेल्या गोळ्यांचंही सांगावं. आम्ही ते लपवलं होतं.

पत्र पाठवण्याआधी आबांना वाचायला दिलं. तोंडाच्या वासाच्या ओळीपाशी ते बराच वेळ थांबले. मग म्हणाले, ‘राहू दे.’ नाव मात्र छापू नये, ही विनंती.

आपला,
एक वाचक, मिरज तालुका (जि. सांगली)