म्हाताऱ्याचा चष्मा

ह्यूस्टन,
रविवार रात्र

प्रिय बाळ्या,

सहा महिन्यांच्या शिव्या देऊन झाल्या असतील तर पुढे वाच. आम्ही बरे. माझी शुगर काठावर आहे, डॉक्टर बोलतो, मी मान डोलावतो.

काल शेजारच्या म्हाताऱ्याने पिस्तूल विकलं. बायको गेल्यापासून तो घर रिकामं करतोय. मागे मी त्याची शिडी घेतली, तेव्हापासून त्याला वाटतं मी काहीही घेतो. मी नको म्हटलं. तासाभरात एक पोरगा ट्रक घेऊन आला. म्हाताऱ्याला चष्मा सापडेना, म्हणून नोटा मी मोजल्या. चारशे डॉलर. पोराचं लायसन्सही मीच वाचून दाखवलं, टेक्ससचाच आहे ना एवढ्यापुरतं. ना कागद, ना सही. जुनी सायकल विकावी तसं. आता त्याचं नावही आठवत नाही, आणि झोप लागत नाही.

यात बेकायदा काही नाही, हीच गंमत! दुकानातून घ्यायचं तर फॉर्म भरा, मग नाव तपासलं जातं. १९९३ च्या ब्रेडी कायद्याची कृपा. पण दुकानदार नसलेल्या साध्या माणसाने आपल्याच राज्यातल्या माणसाला विकलं तर इथे तपासणी नाही. समोरचा गुन्हेगार आहे हे ठाऊक नसलं, तसा संशय यायला कारण नसलं, की झालं. सँडी हुकच्या शाळेत गोळीबारात वीस पोरं मेल्यावर २०१३ साली निदान प्रदर्शनातल्या आणि इंटरनेटवरच्या विक्रीला तपासणी लावायचं घाटत होतं. सिनेटमध्ये ६० मतं हवी होती, पडली ५४.

“मग निदान नोंद तरी?” मी विचारलं. म्हातारा म्हणाला, “आज यादी, उद्या दारात पोलीस.” बंदूकमालकांची केंद्रीय यादी करायला १९८६ च्या कायद्यानेच बंदी आहे. मला हसू आलं. आणि मग अण्णा आठवले.

२०१४ ची विधानसभा. आचारसंहिता लागली, अण्णांनी ठासणीची बंदूक गोणपाटात गुंडाळून ठाण्यात जमा केली, आणि डुकरांनी एका रात्रीत कापणीला आलेलं भात लोळवलं. तू बांधावर उभा राहून सरकारच्या नावाने ओरडत होतास, आणि मी शहाणा फोनवरून तुला कायदा शिकवत होतो. तीन दिवस बोलला नाहीस. मेल्या, कबूल करतो, तेव्हा मी बांधावर नव्हतो. पण काल तू इथे अंगणात असतास तर तूही म्हणाला असतास, अरे, निदान त्याचं नाव तरी लिहून घे!

काकूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं का? नव्या घराची कौलं की स्लॅब, ते कळव. अण्णांच्या परवान्याचं नूतनीकरण झालं का तेही.

म्हातारा पुढच्या शनिवारी रायफल काढणार आहे. त्याचा चष्मा माझ्याच खिशात सापडला. परत देऊ का, सांग.

तुझा,
पक्या