झर्क्सीसचे सैन्य मापले कोणी?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ग्रीसमधल्या थर्मोपिली खिंडीतल्या लढाईवरचा लेख वाचला. लेख रंगलाय छान, स्पार्टाच्या लिओनिडास राजाचा शेवट वाचताना अंगावर काटा आला. तक्रार फक्त एका चौकटीबद्दल आहे. '३०० स्पार्टन विरुद्ध २६ लाख पर्शियन' असे आपण जाड अक्षरात छापले आहे. मी एकतीस वर्षे मार्केट कमिटीत परवानाधारक मापाडी होतो. एवढा आकडा दिसला की आधी मनात येते, मापले कोणी आणि कशाने?

नातू स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. त्याने मोबाइलवर ग्रीक इतिहासकार हेरोडोटसच्या इतिहासाचा सातवा भाग काढला आणि दोन संध्याकाळी ओट्यावर बसून मला मराठीत सांगितला. आपला २६ लाख तिथलाच निघाला. नेमका आकडा २६,४१,६१०. शेवटच्या दहा माणसांपर्यंत!

इ.स.पू. ४८० मध्ये पर्शियाचा राजा झर्क्सीस गलबते जोडून केलेल्या पुलावरून सामुद्रधुनी ओलांडून युरोपात आला आणि हेब्रस नदीजवळ डोरिस्कसच्या मैदानात त्याने सैन्य मोजले. ते असे. दहा हजार माणसे होतील तितकी दाटीने उभी केली. त्यांच्याभोवती गोल रेघ ओढली. माणसे बाहेर काढून रेघेवर बेंबीइतकी उंच भिंत घातली. मग त्या गोलात माणसे भरायची, रिकामा करायचा, पुन्हा भरायचा. गोल १७० वेळा भरला, म्हणून पायदळ १७ लाख. घोडदळ, आरमार वगैरे मिळवून तो २६ लाखांवर जातो.

मी नातवाला तिथेच थांबवले. म्हटले, अरे भो, ही तर पायली झाली! माझे वडील खळ्यावर पायलीने ज्वारी मापायचे. पहिल्या मापाला 'एक' म्हणायचे नाही, 'लाभ' म्हणायचे, मग दोन, तीन. ते लाभाचे माप हलवून, दाबून, वर शीग लावून भरत. विसाव्या मापाला हात दमलेला असे, शीग गेलेली असे, पण तोंडाने मोजणी तशीच चालू. झर्क्सीसचे पहिले दहा हजार हे लाभाचे माप. पुढचे १६९ वेळा तितक्याच दाटीने कोण उभे राहिले असेल? हातात भाला, पाठीवर भाता, वर ऊन. अर्ध्या तासाला एक गोल धरला तरी दहा तासांचा दिवस करून साडेआठ दिवस लागतात. तिसऱ्या दिवशी मुकादम गोल निम्मा भरला की 'झाला' म्हणणारच.

असेच माझ्यासमोर घडले आहे. एका दुष्काळी वर्षी ८२ पोती ज्वारी आली. विकणारा म्हणाला, एक पोते तोला आणि पोती मोजा, सगळी सारखीच भरली आहेत. काट्यावर चढवलेले पोते बरोबर शंभर किलो निघाले. पण त्याचे तोंड नवीन सुतळीने शिवलेले होते, बाकीच्यांची सुतळी जुनी. मी हट्टाने सगळी तोलली. ८२ क्विंटलच्या जागी ७७ क्विंटल ६० किलो भरले. त्या दिवशी मला बऱ्याच शिव्या बसल्या.

तिथे निदान घेणारा माझ्या बाजूने होता. डोरिस्कसच्या मापाची गंमत अशी की कमी वजन कोणालाच नको होते. राजाला सैन्य मोठे दिसायला हवे होते, ऐकूनच शत्रूची गाळण उडावी म्हणून. आणि ग्रीकांनी शेवटी युद्ध जिंकल्यावर त्यांनाही तो आकडा मोठाच हवा होता. देणारा आणि घेणारा, दोघांनाही वजन जास्त हवे असा सौदा मी एकतीस वर्षांत पाहिला नाही. हेरोडोटसचा जन्म इ.स.पू. ४८४ च्या सुमाराचा, म्हणजे लढाईच्या वेळी तो चार वर्षांचा. त्याने ऐकले ते लिहिले. आजचे अभ्यासक सगळे मिळून फार तर दोन-तीन लाख धरतात, तेही काही जणांना जास्त वाटतात.

हेरोडोटस मात्र २६ लाखांवर थांबत नाही. नोकरचाकर, रसदवाले लढणाऱ्यांइतकेच असतील म्हणून तो सरळ दुप्पट करतो, ५२,८३,२२०. मग माणशी रोज एक खीनिक्स गहू धरतो. खीनिक्स म्हणजे जेमतेम एक शेर. असे ४८ खीनिक्स म्हणजे एक मेडिम्नोस, आपल्या हिशेबाने ४० किलोच्या आसपास. सगळे मिळून रोजचे ४४ हजार क्विंटल होतात. ट्रॉलीला चाळीस क्विंटल धरले तर रोज अकराशे ट्रॉल्या! आमच्याकडे हंगामात शंभर ट्रॉल्या रांगेला लागल्या की चोपडा रोड बंद होतो. आणि यात घोडे, उंट, बैल यांचा दाणा-चारा धरलेलाच नाही. झर्क्सीसने वाटेत किनाऱ्यावर धान्याची कोठारे आधीच भरून ठेवली होती हे खरे, पण ती भरणार किती?

वाटेतल्या गावांना या पाहुण्यांची पंगत घालावी लागली. अब्देरा गावचा मेगाक्रेऑन लोकांना म्हणाला, देवळात जा आणि देवाचे आभार माना की राजा दिवसातून एकदाच जेवतो. भरीत-भाकरीची पंगत उठवून थकलेला आमच्याकडचा माणूसही हेच बोलला असता.

आता चौकटीची दुसरी बाजू. ३०० हा आकडाही अपुरा आहे. खिंडीत सुरुवातीला सात हजारांच्या आसपास ग्रीक होते. एफियाल्टीस नावाच्या फितुराने पर्शियनांना डोंगरातली पायवाट दाखवल्यावर बहुतेकांना परत पाठवले, पण थेस्पिया या लहानशा गावचे ७०० जण स्वतःहून थांबले आणि मेले. नाव स्पार्टावाल्यांचे झाले.

आणखी एक गोष्ट, आपल्या कापूसपट्ट्यातल्या वाचकांसाठी. झर्क्सीसच्या सैन्यात हिंदुस्थानी तुकडी होती. अंगावर सुती कपडे, हातात वेताचे धनुष्य, वेताच्याच बाणांना लोखंडी टोक. झर्क्सीस परत फिरला तेव्हा त्याचा सेनापती मार्दोनियसने मागे ठेवून घेतलेल्या निवडक फौजेत हे लोक होते, आणि इ.स.पू. ४७९ मध्ये ग्रीसमधल्या प्लेटियाच्या रणांगणावरही उभे होते. हिंदुस्थानात झाडाला लोकर लागते आणि ती मेंढीच्या लोकरीपेक्षा सरस असते, असे हाच हेरोडोटस लिहितो. हे लोक सिंधूकडचे, खान्देशचे नव्हेत, उगाच आपला झेंडा रोवायला नको. पण मीही वेचणीवरून आलेला कापूस तोललेला माणूस आहे. ग्रीसच्या थंडीत सुती अंगरख्यात उभा असलेला तो तिरंदाज दोन दिवस माझ्या डोळ्यांपुढून हलला नाही. आपल्या लेखात त्याला एक ओळ हवी होती.

पुढच्या वेळी अशा आकड्याआधी निदान 'हेरोडोटस म्हणतो' एवढे तरी छापावे.

जाता जाता, त्याचा भागाकारही चुकला आहे. ५२,८३,२२० ला ४८ ने भागले तर १,१०,०६७ मेडिम्नोस येतात, त्याने १,१०,३४० लिहिले. फरक २७३ चा, म्हणजे दहा टनी ट्रक भरून वर थोडा गहू उरेल. हिशेबाचा कागद सोबत जोडला आहे, ताळा करून पाहावा.

आपला नम्र,
एक निवृत्त मापाडी
ता. अमळनेर, जि. जळगाव