दाखल्यावरचा प्रीस्ट

नागपूर,
१४ डिसेंबर

प्रिय दिल्या,

सप्रेम नमस्कार.

पुतण्या कॅनडाला चालला हे वाचून बरं वाटलं. त्याच्या लग्नाच्या दाखल्याचं इंग्रजी मी करून देतो, पैशाचं नाव काढू नको. पण तू लिहिलंस, 'गुरुजीच्या जागी प्रीस्ट लिहून टाक, त्यात काय एवढं,' तिथे माझं घोडं अडलं. अबे, त्याच एका शब्दानं माझी चांगली जिरवली आहे.

निवृत्तीनंतर मी सिव्हिल लाइन्सला टेबल टाकून भाषांतरं करतो, हे तुला ठाऊकच आहे. लग्न लावणाऱ्याच्या रकान्यात भटजी असो, काझी असो की बौद्धाचार्य, मी डोळे मिटून 'प्रीस्ट' ठोकायचो. एक दिवस इथल्याच इंदोरा वस्तीतली एक मुलगी दाखला परत घेऊन आली. म्हणाली, "काका, आमचं लग्न बौद्धाचार्यांनी लावलं. प्रीस्ट म्हणजे भटजीच ना? माझे पणजोबा छप्पन साली दीक्षाभूमीवर होते. ब्राह्मणाच्या हातून क्रियाकर्म करवून घेणार नाही, अशी शपथ घेतली होती त्यांनी." बावीस प्रतिज्ञांमधली ती आठवी. मी काय बोलणार? म्हटलं, "बाई, क्लेरिकल मिस्टेक झाली, बदलून देतो."

घरी येऊन डिक्शनरी उघडली तर आपला क्लार्क आणि चर्चची क्लर्जी एकाच घरातले निघाले. दोघांचं मूळ लॅटिन 'क्लेरिकस'. मध्ययुगातल्या युरोपात लिहिता-वाचता येणारा माणूस बहुतेक चर्चचाच असायचा, म्हणून लेखणी चालवणाऱ्यालाही तेच नाव चिकटलं. म्हणजे माझी चूक दोन्ही अर्थांनी क्लेरिकल! तीस वर्षं कारकुनी केली आणि हे आत्ता कळतंय.

मग मी प्रीस्टच्या मागेच लागलो. मूळ ग्रीक शब्द 'प्रेस्बिटेरॉस', म्हणजे वयानं मोठा, वडीलधारा. तो लॅटिनमधून झिजत झिजत इंग्रजीत प्रीस्ट झाला. पण त्यानं अर्थ उचलला भलत्याचाच. वेदीवर बळी अर्पण करणारा, देव आणि माणूस यांच्या मध्ये उभा राहणारा जो असतो, त्याला ग्रीकमध्ये 'हिएरेउस' आणि लॅटिनमध्ये 'सासेर्दोस' असे वेगळे शब्द होते. इंग्रजीनं दोघांनाही एकाच पोत्यात भरलं. मराठी बायबलात मात्र ते वेगळे आहेत. बळी अर्पण करणारा तो 'याजक', आणि मंडळीत मानानं मोठा तो 'वडील'. इतक्या बारकाईनं निवडणारी आपली भाषा, आणि मी तिचं एकाच शब्दात भरीत करत होतो.

यावरून आपल्या हिस्लॉप कॉलेजची आठवण झाली. स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपुरात आले. त्यांना प्रीस्ट म्हटलं असतं तर त्यांना ते मुळीच रुचलं नसतं. ते स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे, प्रेस्बिटेरियन. म्हणजे चर्चचा कारभार वडिलांच्या मंडळाकडे आणि माणसाला देवाशी बोलायला मध्ये याजक लागत नाही, असं मानणारे. असल्या चर्चमधला धर्मोपदेशक स्वतःला 'मिनिस्टर' म्हणवतो. मिनिस्टर म्हणजे लॅटिनमध्ये सेवक, नोकर. सध्या इथे हिवाळी अधिवेशन चालू आहे, लाल दिवे गेले तरी पोलिसांच्या शिट्ट्या आहेतच, आणि हे सेवक जाईपर्यंत आम्ही मालक रस्त्याच्या कडेला ताटकळत उभे. असो. बिचारे हिस्लॉप १८६३ साली टाकळघाटची दगडी वर्तुळं पाहायला गेले आणि परतताना पुराच्या पाण्यात बुडाले.

बाकीचे शब्द सोपे आहेत. पास्टर म्हणजे मेंढपाळ, आपल्याकडे त्याला 'पाळक' म्हणतात ते अगदी चपखल. व्हिकार म्हणजे बदली माणूस. पाद्री हा पोर्तुगीज 'पाद्रे'वरून आला, अर्थ बाप. तेव्हा कॅथलिकांचा फादर आणि आपला पाद्री अर्थानं एकच, जरी एकाचा मान वेगळा आणि दुसरा शब्द थोडा तुसडा वाटत असला तरी. रेव्हरंड हे तर पदच नाही, नुसतं आदरार्थी विशेषण आहे. आपण 'रेव्हरंड नारायण वामन टिळक' म्हणतो ते बरोबर, पण 'रेव्हरंड आले होते' हे व्याकरणाच्या मास्तरला खटकेल.

खरी पंचाईत इंग्रजीतून मराठीत नाही, उलट येताना आहे. पुजारी देवळाचा, पुरोहित घराचा. पुरोहित म्हणजे शब्दशः 'पुढे ठेवलेला'. इंग्रजीत दोघेही प्रीस्ट. मेळघाटात कोरकूंचा भुमका, तोही प्रीस्ट. काझी मुळात न्यायाधीश, आणि निकाह हा करार, तरी तोही प्रीस्ट! आणि गंमत म्हणजे 'भिक्षुक' आणि 'भिक्खू' एकाच धातूचे, दोघेही भिक्षा मागणारे. पण मराठीत पहिला लग्न-मुंजी लावणारा ब्राह्मण झाला आणि दुसरा चीवर घालून घर सोडलेला. भिक्खूला मंक म्हणावं, हे एक वेळ ठीक. बौद्धाचार्य तर घरसंसार असलेला उपासक, त्याला मंकही म्हणता येत नाही.

शेवटी त्या मुलीच्या दाखल्यावर मी 'बौद्धाचार्य' हाच शब्द रोमन लिपीत लिहिला आणि पुढे 'ऑफिशिएंट' जोडलं. म्हणजे विधी पार पाडणारा, बस. धर्म नाही, जात नाही, मध्यस्थी नाही. तेव्हापासून सगळ्यांना हाच नियम लावतो.

तर आता तुझं काम. दाखल्यावर नुसतं 'गुरुजी' आहे. तुमच्या गावात तं शाळेच्या मास्तरलाही गुरुजी म्हणतात, आणि तुझ्या भावाचा स्वभाव पाहता त्यानं हेडमास्तरलाच अक्षता टाकायला उभं केलं असेल तरी मला नवल वाटणार नाही. लग्न नेमकं कोणी लावलं, ते पुतण्याला विचारून कळव. आणि झेरॉक्स जरा ठळक पाठव, मागच्या वेळी शिक्काच दिसत नव्हता.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
वसंता