नुसत्या शिंगावरून देवता ठरत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत प्राचीन रोममधल्या शिशाच्या टोकनांवरचा, म्हणजे नाण्यासारख्या छोट्या चकत्यांवरचा, लेख वाचला. असा विषय मराठीत क्वचितच येतो, म्हणून फार आनंद झाला. मात्र एका छायाचित्राखाली ‘भाग्यदेवता फोर्तुना’ असे ठामपणे छापले आहे, ते मला पटले नाही.

त्या उभ्या आकृतीच्या एका हातात फळांनी भरलेले शिंग दिसते. दुसरा हात पार झिजलेला आहे. हे शिंग रोमन कलेत अनेक देवता धरतात. नाव ठरते ते दुसऱ्या हातावरून. सुकाणू असले तर फोर्तुना, तराजू असला तर न्याय्यतेची देवता एक्विटास, धान्याची कणसे असली तर रोमच्या धान्यपुरवठ्याची देवता अन्नोना. टोकन जेमतेम दीड-दोन सेंटिमीटरचे, त्यात शिसे मऊ. हर्क्युलिसची गदा आणि सिंहाचे कातडे झिजूनही कळतात, पण इथे तसे काहीच उरलेले नाही.

आपल्याकडे विष्णूची 24 रूपे शंख, चक्र, गदा, पद्म कोणत्या हातात आहे यावरून ओळखतात. दोन हात भंगलेल्या मूर्तीला जाणकार छातीठोकपणे ‘केशव’ म्हणणार नाही. रोमन टोकनांत तर डाव्या-उजव्याचाही भरवसा नाही. ती दगडी साच्यात ओतलेली असत. कारागीर साचा उलटा कोरायला विसरला, की सगळेच आरशातल्यासारखे उमटे. काही टोकनांवरची अक्षरे अशी उलटी आहेत.

हा निव्वळ नावाचा वाद नाही. बहुतेक टोकनांवर ती कशासाठी होती हे लिहिलेले नसते. चित्रावरूनच अंदाज बांधावा लागतो. अन्नोना म्हटले की धान्यवाटप मनात येते, फोर्तुना म्हटले की स्नानगृहापासून उत्सवापर्यंत काहीही. शिवाय एकदा छापलेले नाव चिकटून बसते. इतिहासकार रोस्तोव्त्झेफ यांनी रोमच्या टोकनांची सूची 1903 मध्ये प्रसिद्ध केली. अभ्यासक आजही तिचेच क्रमांक वापरतात.

तेव्हा त्या चित्राखाली ‘शिंग धरलेली उभी आकृती’ एवढीच दुरुस्ती छापावी. आणि शक्य असल्यास मागची बाजूही दाखवावी, तिरप्या उजेडात टिपलेली. तिथे धान्य मोजण्याचे माप निघाले, तर मी आनंदाने अन्नोना म्हणेन.

आपला,
एक वाचक, पुणे