फटाके आणि कुत्र्याची भीती

संपादक महोदय,

फटाक्यांना घाबरणाऱ्या कुत्र्याला ‘आपोआप सवय होईल’ म्हणून गच्चीवर बांधून ठेवणारे आजही आहेत. त्याने सवय होत नाही, भीती पक्की होते.

तयारी दिवाळीच्या निदान दोन महिने आधी सुरू करावी. मोबाइलवर फटाक्यांचा आवाज इतका बारीक लावा की कुत्र्याचा कान हलेल, पण तो उठणार नाही. आवाज झाला की एक-दोन सेकंदांत उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा नखाएवढा तुकडा द्या. आधी आवाज, मग खाऊ. हा क्रम चुकला तर खाऊ दिसताच कुत्रा बिचकू लागतो. रोज तीन-चार मिनिटे पुरेत. आवाज ऐकून तो खाऊसाठी तुमच्याकडे पाहू लागला, की आवाज किंचित वाढवा. धापा टाकू लागला, ओठ चाटत राहिला किंवा तुकडा नाकारला, तर घाई झाली. पुन्हा बारीक आवाजावर या.

घाबरलेल्या कुत्र्याला जवळ घेतल्याने भीती वाढते, हा समज चुकीचा आहे. भीती म्हणजे हट्ट नव्हे. खुशाल कुशीत घ्या. गळ्यातला पट्टा मात्र त्या दिवसांत रात्रीही काढू नका, आणि त्यावर तुमचा फोन नंबर असू द्या.

– एक श्वानप्रशिक्षक, पुणे