बाई, तुम्ही मला बक्षीस दिलं नाहीत त्याबद्दल

ती. बाईंना सा. नमस्कार,

पत्र मुद्दाम उघडं लिहितोय. घरी पाठवलं असतं तर तुम्ही ते ट्रंकेत टाकून फोनवर "कशाला एवढं?" म्हणाला असतात. इथे चार लोक वाचतील, त्यांतले दोन तरी तुमच्या हाताखालून गेलेले निघतील.

१९९४चा गणेशोत्सव. मिरजेतल्या एका मंडळाची नाट्यगीत स्पर्धा, परीक्षक तुम्ही. मी नववीत होतो. भीमपलासातलं पद, पट्टी काळी पाच, म्हणजे चांगलीच उंच, वेळ सात मिनिटं. आधीची दोन वर्षं पहिला नंबर माझाच आला होता, म्हणून आई ठेवणीतली साडी नेसून पुढच्या रांगेत बसलेली. तार षड्जावर, म्हणजे वरच्या 'सा'वर गेलो आणि आवाज बांबू चिरावा तसा चिरला. मंडपात हशा. मी हट्टानं आणखी दोनदा वर गेलो, आणि दोनदा तेच झालं.

निकालात माझं नाव नव्हतं, उत्तेजनार्थसुद्धा नाही. आई पेटीवाल्यावर चिडली, मी सगळ्या जगावर. तुम्ही मंडपाबाहेर चपला शोधत होतात. मला बघून हाक मारलीत आणि पर्समधून एक घडी घातलेला कागद काढून दिलात. पेन्सिलीनं लिहिलेलं होतं: "आवाज फुटतो आहे. वर्षभर तार सप्तकात जाऊ नये. पट्टी उतरेल तशी उतरू द्यावी. आरोहात ऋषभ डोकावतो. लय पक्की." (भीमपलासात वर चढताना ऋषभ, म्हणजे 'रे', घ्यायचा नसतो.)

तोवर मला कुणी सांगितलंच नव्हतं की हे सगळ्या मुलांचं होतं, गळ्याची वाढ झाली की आवाज खाली येतो, आणि त्या काळात वरच्या पट्टीत रेटलं तर गळ्याची वाट लागते. घरचे म्हणत होते, जास्त रियाज कर. मी पहाटे उठून काळी पाचमध्येच ओरडत होतो. तुमचा कागद आला नसता तर आणखी वर्षभर ओरडलो असतो, आणि पुढे काय झालं असतं ते मला माझ्या बरोबरच्या एका मुलाकडे बघून कळतं. तो आता गातच नाही.

दुसऱ्या दिवशी मी तुमच्या दारात. तुम्ही शिकवायला घेतलंत, पण गाणं नाही. "गळ्याला सुट्टी, हाताला नाही," म्हणालात. सकाळी अगदी हलक्या आवाजात जमेल तेवढा खर्ज, म्हणजे खालचे सूर, आणि बाकीचा वेळ इतर मुली गात असताना मी हातावर ताल धरायचा. विलंबित एकताल, बारा मात्रा, टाळ्या एक, पाच, नऊ, अकरावर. तिसऱ्या आणि सातव्या मात्रेची खाली, म्हणजे टाळी न देता हात उघडायची जागा, चुकली की तुम्ही माझ्याकडे बघायचा नाहीत, नुसती भुवई वर. मग तंबोरे लावायला दिलेत. घोडीवर तारेखाली दोरा सरकवून जवारी, म्हणजे तारेचा झंकार, कशी उघडते ते दाखवायला मला सतारमेकर गल्लीत नेलंत आणि तिथे तासभर बसवून ठेवलंत. शेवटी समोर पेटी ठेवलीत. वर्षानं पट्टी खाली काळी एकवर स्थिरावली तेव्हा गाणं परत आलं, पण तोवर बोटं पेटीत गुंतली होती. आज माझं घर त्या पेटीवर चालतं.

तुमचं घर कशावर चालायचं, हे मला खूप उशिरा कळलं. विष्णु दिगंबर पलुसकर ज्या गावात बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकले, अब्दुल करीम खाँसाहेब जिथे राहिले, त्या मिरजेतही नुसत्या मैफलीवर पोट भरत नाही. आकाशवाणी सांगलीची ठरावीक प्रक्षेपणं, सकाळ-संध्याकाळच्या शिकवण्या आणि गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा. एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर, दोन्ही सत्रांना तुम्ही एसटीनं कधी जतला, कधी गडहिंग्लजला. दिवसभर प्रारंभिक ते मध्यमा या पातळ्यांच्या परीक्षा घ्यायच्या, तोच भूप आणि तोच यमन. संध्याकाळी परत येऊन आम्हाला पुन्हा यमनच. कंटाळा कसा येत नाही, असं एकदा विचारलं होतं. "येतो की," म्हणालात आणि तंबोरा लावायला घेतलात.

स्पर्धांचं मानधन म्हणजे बहुतेक वेळा पाकीट कमी आणि शाल-श्रीफळ जास्त. त्या शालींच्या तुम्ही तंबोऱ्यांना गवसण्या शिवल्यात. माझ्या तंबोऱ्याला अजून त्यातलीच एक आहे, मोरपंखी, कुठल्याशा मंडळानं दिलेली.

परीक्षक म्हणून तुम्ही कटकट्या होतात, हेही इथे सांगायला हवं. यादीत नावं नकोत, फक्त क्रमांक. स्वतःची विद्यार्थिनी उतरली असेल तर त्या गटाला बसणार नाही. पहिल्या पाच जणांचे गुण पेन्सिलीनं, कारण पहिल्याच्या वेळी आपला कान तयार नसतो आणि त्याला उगाच कमी पडतात. एकदा एका कार्यकर्त्यानं चहाबरोबर "सतरा नंबर आमच्या अध्यक्षांची नात" असं हळूच सांगितलं, तेव्हा तुम्ही सतरा नंबरचे गुण दुसऱ्या परीक्षकांना द्यायला लावलेत. ती मुलगी खरंच चांगली गात होती आणि तिला दुसरा नंबर मिळाला. त्या मंडळानं तुम्हाला पुन्हा बोलावलं नाही. त्याचं तुम्हाला काही वाटलं असेल तर ते आमच्यापर्यंत आलं नाही.

आता कामाचं. येत्या रविवारी मला पहिल्यांदा परीक्षक म्हणून बोलावलंय. बावीस मुलं आहेत. नावं नसलेली यादी मागितली, ती मिळाली. प्रत्येकाला शेरा लिहून देतो म्हटलं, तर संयोजक म्हणाले, "सर, वेळ नाही, फक्त गुण द्या." मी घरूनच कोरे कागद कापून नेणार आहे.

एक अडचण आहे. यादीत चौदा वर्षांचे तीन मुलगे आहेत. त्यातल्या एखाद्याचा आवाज फुटत असेल आणि आई-बाप पुढच्या रांगेत असतील, तर कागद मुलाच्या हातात द्यायचा की त्यांच्या? तुम्ही माझ्या हातात दिला होतात, आई दोन पावलांवर उभी असताना. ते ठरवून केलं होतंत का, हे शनिवारी रात्री फोन करून विचारतो. डोळ्यांना त्रास होतो म्हणता, तेव्हा हे पत्र नातीकडून वाचून घ्या. आणि तिला सांगा, भराभर वाचू नकोस.

तुमचा,
पेटीवाला