गुडघा वाजला की वंगण संपलं?

संपादक साहेब,

सध्या मोबाईल उघडला की गुडघे कटकट वाजतात का, वंगण संपलंय, अमुक तेल लावा, नाहीतर तमुक पावडर घ्या. आमच्या कॉलनीत मागे एक फुकट शिबिर झालं तिथे तर गुडघ्याला स्टेथोस्कोप लावला, कर्र आवाज ऐकला आणि एक्स-रे वगैरे काही न बघता म्हाताऱ्या माणसांच्या गळ्यात औषधं मारली. म्हणून हे पत्र.

आवाजावरून सांध्याची हालत ओळखायची कल्पना थोतांड नाही हं. गॅरेजमधला मेकॅनिक स्क्रूड्रायव्हर इंजिनला टेकवून कान लावतो, तसलंच काम अमेरिकेत जॉर्जिया टेक विद्यापीठाचे ओमर इनान आणि त्यांची टीम गुडघ्यावर करतेय (हा माणूस कॉलेजात थाळीफेक करायचा, त्याचेच गुडघे वाजायचे!). गुडघ्याला छोटे मायक्रोफोन चिकटवायचे, पाय वाकवायचा सरळ करायचा आणि कुठल्या अँगलला आवाज येतो ते बघायचं. 2016 च्या त्यांच्या अभ्यासात गंमत अशी दिसली की चांगला गुडघासुद्धा वाजतोच, फक्त दरवेळी साधारण त्याच अँगलला वाजतो, दुखापत झालेला मात्र कसाही कुठेही वाजतो. म्हणजे बघायचा तो आवाजाचा पॅटर्न, नुसतं कर्र झालं म्हणून निदान होत नाही. त्यात परत कपडा घासला, चिकटपट्टी हलली तरी माईकमध्ये खरखर येते, मग शिबिरातल्या गोंगाटात ह्यांना नेमकं काय ऐकू आलं देव जाणे.

बोटं मोडल्यावरचा टॉक तर झिजेचा नसतोच, तो सांध्यातल्या द्रवात होणाऱ्या गॅसच्या पोकळीशी संबंधित आहे. पोकळी तयार होताना वाजतं की फुटताना ह्यावर शास्त्रज्ञ अजून भांडतायत. डोनाल्ड अंगर नावाच्या अमेरिकन डॉक्टरने साठ वर्षं एकाच हाताची बोटं मोडली, दुसऱ्याची नाही, संधिवात दोन्हीकडे नाही, 2009 ला त्याबद्दल इग नोबेल (हसवून विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात ते गमतीदार बक्षीस) मिळालं. एकाच माणसाचा प्रयोग आहे त्यामुळे पुरावा म्हणून धरू नका, पण आजीला सांगायला बरा आहे.

आता आवाजाकडे अगदीच दुर्लक्ष करा असंही नाही. 2017 च्या एका अमेरिकन अभ्यासात, साडेतीन हजारांच्या आसपास लोक होते, ज्यांचे गुडघे कायम करकरायचे त्यांना पुढच्या काही वर्षांत दुखणं सुरू व्हायचं प्रमाण जास्त निघालं. अर्थात जास्त निघालं म्हणजे सगळ्यांना झालं असं नाही. डॉक्टर लोक गुडघ्यावर तळहात ठेवून करकर बघतात ती पण ह्याचसाठी, पण गुडघा दुखत असेल तर त्याच्या जोडीला वय 50 च्या वर आहे का, सकाळचा आखडलेपणा अर्ध्या तासाच्या आत जातो का, हाड दाबल्यावर दुखतं का, जाड झालंय का, गुडघा गरम तर लागत नाही ना हेही बघतात. सांध्याच्या झिजेच्या ह्या सहा खुणांतली करकर ही एक, ती एकटी धरून औषधं विकायची हा धंदा झाला.

तुमच्या आरोग्य पुरवणीत असल्या "साउंड टेस्ट"ची बातमी आली तर कृपया एवढं विचारून छापा की मशीन कुठलं, किती लोकांवर तपासलं, आणि रिपोर्ट देणाराच औषध पण विकतोय का.

– एक नियमित वाचक, सांगली